मिंटवर प्रिंटर दिसतो, जॉब जातो, कागद मात्र येत नाही

रातांबा
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स मिंट २२ आहे (आधी २१ होतं, उन्हाळ्यात अपग्रेड केलं) आणि प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०, कुणीतरी देणगी म्हणून दिलेला, यूएसबीने जोडलाय. अपग्रेडच्या आधी मस्त चालायचा. आता यादीत प्रिंटर दिसतो, प्रिंट दिलं की खाली कोपऱ्यात प्रिंटरचं चिन्ह येतं, थोडा वेळ थांबतं आणि नाहीसं होतं, आणि मग काही नाही, दिवा पण लुकलुकत नाही. मध्ये एकजण येऊन बघून गेला, "सगळ्या फायलींना फुल परमिशन दिलीय, आता कुठे अडणार नाही" असं सांगून गेला, पण तेव्हापासून तर आधी येत होता तो एरर पण येईनासा झाला.

कॉम्प्युटरवर दोन अकाउंट आहेत. एक सचिवांचं, त्याला सगळे अधिकार. दुसरं 'वाचनालय' नावाचं, रोज तेच वापरतो. या दुसऱ्यातून प्रिंटर पुन्हा सुरू करायला गेले की ब्राउझरमध्ये पासवर्ड मागतो आणि टाकल्यावर 'फॉरबिडन'. पासवर्ड बरोबर आहे, त्यानेच तर लॉगिन करते.

चवथीच्या आरत्यांची पुस्तिका छापायची आहे. बाहेरून झेरॉक्स मारून आणा हा सल्ला कृपया नको, तो घरून मिळालेला आहे 😀

वाटाड्या
रूटने (सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरने) लॉगिन करून प्रिंट देऊन बघा. नाहीतर सीएचमॉड ७७७ (म्हणजे फाइलवर सगळ्यांना सगळे अधिकार) सगळीकडे रिकर्सिव्ह मारा, परमिशनचा प्रॉब्लेमच संपेल.

पुणेरी_पेंग्विन
वाटाड्या, त्या "एकजणाने" हेच करून ठेवलंय असं दिसतंय आणि म्हणूनच धागा निघालाय. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला म्हणतात, आणि आज त्याच गोव्यात आरत्यांची पुस्तिका ७७७ मुळे अडलीय.

कुळागर
रातांबाताई, घाबरू नका, यातलं काही मोडलेलं नाही. फक्त कृपा करून आणखी कुणाला "परमिशन देऊ" देऊ नका. जरा लांब लिहितोय, वेळ काढून वाचा.

लिनक्सवर छपाईचं काम कप्स नावाची सर्व्हिस बघते. मॅकवर पण तीच आहे, ॲपलने ती २००२ मध्ये घेतली आणि २००७ मध्ये तिचा सोर्स कोडच विकत घेतला, आता ओपनप्रिंटिंगवाली मंडळी ती पुढे चालवतात. मुद्दा असा की प्रिंटरला "परमिशन" अशी एक गोष्ट नसतेच, वेगवेगळ्या जागी वेगवेगळा दरवाजा आहे. आपल्याकडच्या देवळासारखं धरा. सभामंडपात कुणीही येऊन नारळ ठेवू शकतो, म्हणजे जॉब कुणीही पाठवू शकतो, त्याला कुठल्याच ग्रुपात असायची गरज नाही. देवस्थानचा कारभार महाजन बघतात, म्हणजे प्रिंटर जोडणं, काढणं, थांबवणं, दुसऱ्याचा जॉब रद्द करणं हे 'एलपीॲडमिन' ग्रुपातल्यांचं काम. आणि गर्भकुडीत फक्त भटजी, म्हणजे प्रत्यक्ष यूएसबीच्या डिव्हाइसला हात लावतो तो 'एलपी' नावाचा सिस्टमचा युजर किंवा रूट, तुम्ही-आम्ही नाही. इंटरनेटवर जिथे तिथे "स्वतःला एलपी ग्रुपात घाला" लिहिलेलं असतं, साध्या छपाईसाठी त्याची काही गरज नाही.

तुमचं 'फॉरबिडन' दुसऱ्या दरवाजावरचं आहे. मिंट किंवा उबुंटू टाकताना जे पहिलं अकाउंट बनतं ते आपोआप एलपीॲडमिनमध्ये जातं, नंतर बनवलेलं साधं अकाउंट जात नाही. पासवर्ड बरोबर असला तरी कप्स बघतं की हा माणूस महाजनांच्या यादीत आहे का, नसेल तर परत पाठवतं. जॉब न छापला जाण्याचं कारण मात्र वेगळं असणार, ते लॉग बघितल्याशिवाय कळणार नाही.

सचिवांच्या अकाउंटमधून टर्मिनल उघडून एवढं करा (कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाईप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या; 'सुडो' म्हणजे पुढची कमांड रूटच्या अधिकाराने चालव):

एलपीस्टॅट -टी
सुडो एलपीइन्फो -व्ही
सुडो कप्ससीटीएल --डिबग-लॉगिंग

मग एक पान छापायला द्या आणि लगेच

सुडो टेल -एन १०० /व्हार/लॉग/कप्स/एरर_लॉग

त्यात 'इनसिक्युअर', 'डिनाइड', 'फेल्ड' असे शब्द असलेल्या ओळी इथे टाका. सगळा लॉग नको, डिबग चालू असताना तो फार बडबडतो.

मांडवीकाठ
सहमत. फक्त एक भर, एलपीइन्फो साध्या अकाउंटवरून चालवलंत तर कमांडच सापडत नाही असं येऊ शकतं, कारण ती यूएसआर-एसबिन फोल्डरमध्ये असते आणि काही डिस्ट्रोवर (लिनक्सच्या वेगवेगळ्या वाणांवर) साध्या युजरच्या पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, तो फोल्डर नसतो. कप्स इन्स्टॉल नाही असा अर्थ काढून कुणी परत इन्स्टॉल करत बसू नका.

रातांबा
कुळागर बाब, खूप आभार, महाजन म्हटल्यावर एका झटक्यात कळलं. सचिवकाकांना बोलावून पासवर्ड टाकून घेतला, ते स्वतःच शेजारी बसून बघत होते.

एलपीस्टॅटमध्ये प्रिंटरसमोर 'डिसेबल्ड' लिहून येतंय. एलपीइन्फोमध्ये दोन ओळी दिसल्या, एक 'एचपी:/यूएसबी/' ने सुरू होणारी आणि एक 'यूएसबी://एचपी/लेझरजेट' वाली. लॉगमधल्या ओळी अशा:

फाइल "/यूएसआर/लिब/कप्स/फिल्टर/एचपीकप्स" हॅज इनसिक्युअर परमिशन्स (०१००७७७/यूआयडी=०/जीआयडी=०)

आणि त्याच्याखाली जॉब थांबवतोय कारण फिल्टर चालवता आला नाही अशा अर्थाचं काहीतरी.

कुळागर
हाच तो. आता हे नीट बघा, कारण इथे नेमकं उलटं घडतं. आपल्याला वाटतं परमिशन कमी म्हणून अडलं, आणि इथे परमिशन जास्त म्हणून अडलंय.

कप्स तुमचा पीडीएफ थेट प्रिंटरला देत नाही. मधे फिल्टर नावाचे छोटे प्रोग्राम असतात, ते पीडीएफचं रूपांतर त्या प्रिंटरला कळेल अशा डेटात करतात. शेवटी बॅकएंड नावाचा प्रोग्राम तो डेटा यूएसबीवर ढकलतो. काही बॅकएंड रूटच्या अधिकाराने चालतात. आता असा प्रोग्राम जर कुणालाही बदलता येत असेल, तर वाचनालयात बसलेलं कुठलंही पोर त्यात आपलं काहीतरी घुसडून रूट होऊ शकतं. म्हणून कप्स प्रत्येक फिल्टर आणि बॅकएंड चालवायच्या आधी तपासतं की फाइलचा मालक रूट आहे ना, आणि 'इतरांना' लिहायचा अधिकार नाही ना. यातलं एक जरी चुकलं तर चालवायलाच नकार. त्या आकड्यातला शेवटचा ७ म्हणजे 'इतरांना वाचा-लिहा-चालवा सगळं', तोच नडतोय. तिथे ७५५ हवं.

आता हाताने ७५५ मारत बसू नका कारण बॅकएंडच्या फोल्डरमध्ये प्रत्येकाचा आकडा सारखा नसतो. एखादा बॅकएंड रूटने चालायचा की एलपीने, हे कप्स त्या फाइलच्या परमिशनवरूनच ठरवतं. इतरांना चालवता येत असेल तर एलपी म्हणून, नाहीतर रूट म्हणून. सगळ्यांना ७५५ केलं तर ज्यांना रूट लागतो ते बॅकएंड उपाशी. त्यापेक्षा पॅकेज पुन्हा बसवा, मूळ परमिशन आपोआप येतात:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रिइन्स्टॉल कप्स कप्स-डेमन कप्स-कोअर-ड्रायव्हर्स कप्स-फिल्टर्स एचपीएलआयपी प्रिंटर-ड्रायव्हर-एचपीकप्स

मग कप्स रिस्टार्ट:

सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट कप्स

आणि आणखी कुठे कुठे हात फिरलाय ते शोधायला

सुडो फाइंड /यूएसआर/लिब/कप्स /इटीसी/कप्स /व्हार/स्पूल/कप्स -पर्म -०००२ ! -टाइप एल -एलएस

मधला '! -टाइप एल' विसरू नका, नाहीतर सगळे सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या फाइल) पण यादीत येतात. सिमलिंक कायम ७७७ च दिसतात, ते बरोबर आहे, त्यांना काही करायचं नसतं.

वाटाड्या
ओके ओके, माझा सल्ला मागे. पण मग काहीजणांचं ७७७ ने खरंच काम होतं ते कसं?

पुणेरी_पेंग्विन
काम होतं ते बहुतेक /डेव्ह/यूएसबी/एलपी० या डिव्हाइसवर ७७७ किंवा ६६६ मारल्यावर, आणि तेही प्रिंटरची वायर काढून लावेपर्यंतच. ती फाइल कर्नल आणि यूडेव्ह (डिव्हाइसच्या फाइल सांभाळणारी सर्व्हिस) दर वेळी नव्याने बनवतात, मालक रूट, ग्रुप एलपी. मग दुसऱ्या दिवशी परत "कालपर्यंत चालत होतं" असा धागा निघतो.

अबोली
तांत्रिक काही कळत नाही पण म्हापशात माझं डीटीपीचं दुकान आहे म्हणून सांगते, हा पावसाळा आहे. प्रिंटर चालू झाल्यावर पहिलं पान अडकलं तर लगेच सॉफ्टवेअरला दोष देऊ नका गं. रिम उघडी राहिली की कागद ओल धरतो, कडा वळतात, दोन-तीन कागद एकदम ओढले जातात, आणि लेझरमध्ये ओल्या कागदावर टोनर नीट चिकटत नाही, बोट फिरवलं की पुसतं. रिम प्लॅस्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवा आणि ट्रेमध्ये त्या दिवसापुरताच कागद घाला. आम्ही दुकानात रात्री ट्रे रिकामा करूनच जातो.

रातांबा
अबोली ताई, आमची रिम खिडकीखालीच आहे 🙈 उचलते.

कुळागर बाब, रिइन्स्टॉल झालं, सगळं व्यवस्थित झालं असं म्हणाला. पण लॉगमध्ये आता वेगळी ओळ:

डिरेक्टरी "/यूएसआर/लिब/कप्स/फिल्टर" हॅज इनसिक्युअर परमिशन्स (०४०७७७/यूआयडी=०/जीआयडी=०)

फाइल गेली आणि डिरेक्टरी आली. म्हणजे पुढे सरकलो ना?

कुळागर
सरकलो. हे होणारच होतं. पॅकेज पुन्हा बसवताना फाइल नव्याने ठेवल्या जातात, म्हणून त्यांच्या परमिशन दुरुस्त होतात, पण फोल्डर आधीपासून असेल तर डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) त्याला हात लावत नाही, आहे तसाच ठेवतं. आणि कप्स फाइलबरोबर ती ज्या फोल्डरमध्ये आहे तोही तपासतं, कारण फोल्डरमध्ये लिहायला मिळालं की फाइल बदलून दुसरी ठेवता येतेच. फोल्डरना हाताने ७५५ चालतं:

सुडो फाइंड /यूएसआर/लिब/कप्स -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड ७५५ {} +

स्पूलचा फोल्डर (छापायला दिलेल्या फाइल जिथे ठेवल्या जातात तो) हाताने करू नका. /व्हार/स्पूल/कप्स हा मालक रूट, ग्रुप एलपी, ७१० असा असतो, आणि कप्स सुरू होताना तो स्वतःच बघून दुरुस्त करतं. रिस्टार्ट झालंय म्हणजे तो ठीक झाला असणार, एलएस -एलडी मारून खात्री करा.

तो स्पूल उघडा राहिला होता हे मला जास्त खटकलं, प्रिंटर बंद होता त्यापेक्षा. वाचनालयात लोक आधार कार्ड, रहिवासी दाखला, पोरांच्या मार्कशीट छापायला येत असणार. कप्स छापून झालेल्या जॉबची फाइल लगेच पुसत नाही, काही वेगळं सांगितलं नसेल तर ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस, ती स्पूलमध्ये तशीच असते. एरवी ती रूट आणि एलपी सोडून कुणाला वाचता येत नाही, पण ७७७ म्हटल्यावर त्या कॉम्प्युटरवर बसलेला कुणीही कालचं आधार उघडून बघू शकत होता. तुमच्यासारख्या सार्वजनिक जागी मी तर /इटीसी/कप्स/कप्सडी.कॉन्फ मध्ये 'प्रिझर्व्हजॉबफाइल्स नो' अशी ओळ घालतो. तोटा एवढाच की छापलेला जॉब यादीतून पुन्हा छापता येत नाही, परत फाइल उघडून द्यावा लागतो.

मांडवीकाठ
हा मुद्दा आमच्या ऑफिसात पण कुणाच्या डोक्यात नव्हता, आज ती ओळ घालतो.

रातांबा
फोल्डर केलं, स्पूल ७१० च आहे, सचिवकाकांनी आधारचा परिच्छेद दोनदा वाचला आणि ती ओळ लगेच घालायला लावली.

मग सुडो कप्सएनेबल करून प्रिंटर चालू केला आणि पान दिलं. लॉगमध्ये आता इनसिक्युअर काही नाही. पण स्क्रीनवर एक खिडकी येते, त्यात प्लगइन लागेल असं लिहिलंय, आणि 'वाचनालय' अकाउंटमधून ती पण अधिकार मागते.

मांडवीकाठ
हा भाग मला नीट माहीत आहे, आमच्याकडे याच कुळीचे प्रिंटर आहेत. १०२० मध्ये स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा त्याच्या आतला प्रोग्राम) साठवलेलं नसतं, प्रत्येक वेळी चालू केला की कॉम्प्युटरकडून ते पाठवावं लागतं, तोपर्यंत तो नुसता दिवा लावून बसतो. ते फर्मवेअर एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरच्या प्लगइनबरोबर येतं, प्लगइन ओपन सोर्स नसल्यामुळे डिस्ट्रोवाले ते पॅकेजमध्ये देत नाहीत. आणि प्लगइनचा व्हर्जन एचपीएलआयपीच्या व्हर्जनशी तंतोतंत जुळावा लागतो. मिंट २१ मध्ये ३.२१.१२ होतं, २२ मध्ये ३.२३.१२ आहे, म्हणजे अपग्रेडनंतर जुनं प्लगइन बाद झालं. तुमचा मूळ आजार हाच होता, बाकीचं सगळं त्या उपचाराने झालं 😀

सचिवांच्या अकाउंटमध्ये टर्मिनलवर नुसतं

एचपी-प्लगइन -आय

पुढे सुडो लावू नका, ते स्वतःच लागेल तिथे पासवर्ड मागतं. इंटरनेट लागेल. अटी मान्य करायला 'वाय' दाबा. झालं की प्रिंटर बंद करून चालू करा.

आणि हे लक्षात ठेवा, वीज गेली की प्रिंटरमधलं फर्मवेअर पण जातं. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि प्रिंटर थेट भिंतीच्या प्लगवर असेल (लेझर यूपीएसवर लावू नयेच, तापताना फार करंट ओढतो) तर वीज परत आल्यावर कॉम्प्युटर चालू, प्रिंटर चालू, पण फर्मवेअर गेलेलं आहे हे दोघांनाही पटकन उमजत नाही असं होतं. तेव्हा प्रिंटरची यूएसबी काढून परत लावायची, किंवा एचपी-फर्मवेअर ही कमांड चालवायची.

सत्तरीकर
मरे ही वीज जाण्याची गोष्ट आधी कळली असती तर! आमच्या शाळेत वाळपईला पावसात दिवसातून कितीदा तरी जाते, आणि प्रत्येक वेळी सगळे कॉम्प्युटर रिस्टार्ट करतो आम्ही.

माझाही एक प्रश्न आहे, वेगळा धागा काढत नाही. दुसरा एक नवा मल्टिफंक्शन प्रिंटर आहे, यूएसबीचा, उबुंटूवर. त्याचं आपोआप एक नाव येतं आणि मी कंपनीचा ड्रायव्हर घालून जोडलेलं दुसरं. आपोआप आलेलं चालतं, माझं जोडलेलं नुसतं 'वेटिंग फॉर प्रिंटर टू बिकम अव्हेलेबल' म्हणत बसतं. यूएसबीच्या परमिशन बघितल्या, त्या बरोबर वाटतात.

पुणेरी_पेंग्विन
परमिशनचा प्रश्न नाहीच तो. नव्या डिस्ट्रोमध्ये आयपीपी-यूएसबी नावाची सर्व्हिस असते. नवा प्रिंटर यूएसबीवरून पण नेटवर्क प्रिंटरसारखं बोलतो, ती सर्व्हिस ते ओळखते आणि यूएसबीचा ताबा स्वतःकडे घेते. एकाने ताबा घेतला की जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर त्याच डिव्हाइसला हात लावू शकत नाही, म्हणून तो वाट बघत बसतो. आपोआप आलेलं चालतंय ना, मग तेच ठेवा आणि कंपनीचा ड्रायव्हर काढून टाका. स्कॅनर पण त्यातूनच येतो, सेन-एअरस्कॅन हा स्कॅनरचा ड्रायव्हर असेल तर डॉक्युमेंट स्कॅनरमध्ये थेट दिसेल. जुने ड्रायव्हर कप्सच्या पुढच्या ३ च्या व्हर्जनमध्ये तसेही जाणार आहेत.

कंपनीचाच ड्रायव्हर हवा असेल, म्हणजे त्यात काही खास सोय असेल, तर सिस्टमसीटीएलने आयपीपी-यूएसबी बंद करा. मग स्कॅनिंगचं तुमचं तुम्ही बघा.

आणि कंपनीच्या ड्रायव्हरबद्दल आणखी एक, कधी कधी फाइलची परमिशन बरोबर, ग्रुप बरोबर, मालक बरोबर, तरी फिल्टर मरतो. तेव्हा डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) 'ॲपआर्मर डिनाइड' शोधा. उबुंटू-मिंटवर कप्सला कुठल्या फोल्डरला हात लावायला मुभा आहे याची वेगळी यादी असते, बाहेरचा ड्रायव्हर ऑप्ट फोल्डरमध्ये काहीतरी ठेवतो आणि ते त्या यादीत नसतं. एए-कम्प्लेन लावून बघा (मग ॲपआर्मर नुसती नोंद करतं, अडवत नाही), चाललं तर तेच कारण. पण ते कायमचं तसं ठेवू नका, नेमका जो पाथ अडतोय तेवढाच ॲपआर्मरच्या 'लोकल' फोल्डरमधल्या फाइलमध्ये घाला.

सत्तरीकर
कंपनीचा काढला, स्कॅनर पण दिसला. देव बरें करूं.

रातांबा
प्लगइन बसलं, प्रिंटर बंद-चालू केला, त्याने तो ओळखीचा घरघर आवाज केला, आणि... केशरी दिवा लुकलुकतोय, कागद ट्रेमध्ये आहे तरी. मॅन्युअल फीडमधून एक कागद ढकलला तर छापून आला! म्हणजे छापतो, पण ट्रेमधला घेत नाही?

कुळागर
अभिनंदन. आता फक्त कागदाचा आकार. तुमच्या अकाउंटची भाषा अमेरिकन इंग्लिश असेल, त्यामुळे प्रिंटर जोडला गेला तेव्हा कागद 'लेटर' धरला गेला. प्रिंटरला सांगितलंय लेटर, ट्रेमध्ये आहे ए४, तो बिचारा लेटर कागदाची वाट बघतोय.

एलपीऑप्शन्स -पी प्रिंटरचं-नाव -एल

यात पेजसाइझच्या ओळीत ज्याच्यासमोर चांदणी आहे तो चालू आकार. सिस्टम सेटिंगमधल्या प्रिंटर्समध्ये जाऊन प्रॉपर्टीज, प्रिंटर ऑप्शन्स, तिथे ए४ करा. शिवाय लिबरऑफिसच्या त्या फाइलमध्ये पेज स्टाइल ए४ आहे ना ते बघा, डॉक्युमेंटमध्ये लेटर असेल तर प्रिंटर पुन्हा तेच मागणार.

आणि एलपीॲडमिनचं राहिलंच. 'वाचनालय' अकाउंट तुम्हीच वापरत असाल तर घाला त्याला यादीत:

सुडो ॲडयूजर वाचनालय एलपीॲडमिन

(वाचनालयच्या जागी तुमचं इंग्रजीतलं युजरनेम.) मग लॉगआउट करून परत लॉगिन करा, त्याशिवाय तुमच्या चालू सेशनला नवा ग्रुप लागत नाही, ग्रुप्स कमांडने बघता येतं. इंटरनेटवर याच कामाला युजरमॉड दिलेलं असतं, ते वापरायचं तर '-ए' आणि कॅपिटल '-जी' दोन्ही एकत्र. नुसतं '-जी' दिलंत तर त्या माणसाला बाकी सगळ्या ग्रुपांतून काढून फक्त या एकात ठेवतं. सचिवांच्या अकाउंटवर तसं झालं तर त्यांचा सुडोच जाईल आणि मग रिकव्हरी मोडमधून परत घालत बसावं लागेल. म्हणून ॲडयूजर बरं.

लोकांना वापरायला म्हणून वेगळं अकाउंट असेल तर ते मात्र यात घालू नका. छापायला लागतच नाही.

रातांबा
ए४ केलं आणि पहिल्याच झटक्यात ट्रेमधून आलं!! सचिवकाकांनी टाळ्या वाजवल्या. 'वाचनालय' मधून प्रिंटर थांबवता-सुरू करता पण येतोय.

आता शेवटचं. काही आरत्या एका जुन्या टेक्स्ट फाइलमध्ये आहेत, ती टर्मिनलवरून थेट एलपी कमांडने छापली तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडेच पडते. लिबरऑफिसमधून मात्र बरोबर येतं.

मांडवीकाठ
साधी टेक्स्ट फाइल थेट दिली की कप्सचा टेक्स्टवाला फिल्टर एकेक अक्षर एकापुढे एक मांडतो, देवनागरीची जुळवाजुळव त्याला येत नाही. ती फाइल लिबरऑफिस रायटरमध्ये उघडून एखादा मराठी फाँट लावा, पीडीएफ एक्सपोर्ट करा आणि पीडीएफ छापा. पीडीएफमध्ये अक्षरं जुळवूनच येतात आणि फाँट पण आतच असतो, त्यामुळे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून छापलंत तरी बिघडणार नाही.

पुस्तिका करायची असेल तर लिबरऑफिसच्या प्रिंटमध्येच 'ब्रोशर' आहे, तो पानांचा क्रम स्वतः लावतो. १०२० ला दोन्ही बाजूंनी आपोआप छापता येत नाही, म्हणून आधी एक बाजू, मग गठ्ठा उलटा करून दुसरी. चार पानांचं एक करून बघा आधी, गठ्ठा कुठल्या दिशेने उलटायचा हे प्रत्येकाला एकदा चुकूनच कळतं.

अबोली
आणि पहिली बाजू छापून झाल्यावर कागद गरम आणि वळलेला असतो, लगेच परत घालू नका, थोडा वेळ सपाट दाबून ठेवा, नाहीतर दुसऱ्या बाजूला हमखास अडकतो.

सत्तरीकर
कुळागर बाब, एक विचारू? शाळेच्या लॅबमध्ये एकाच कॉम्प्युटरला प्रिंटर आहे, तो बाकीच्यांना नेटवर्कवर द्यायचा आहे, पण मुलांना छापता येता कामा नये, नाहीतर रिम एका तासात गाड्यांच्या फोटोंत जाते.

कुळागर
शेअर करायला सुडो कप्ससीटीएल --शेअर-प्रिंटर्स, आणि तो प्रिंटर शेअर्ड आहे ना ते प्रॉपर्टीजमध्ये बघा. फायरवॉल असेल तर ६३१ टीसीपी (कप्सचा पोर्ट) फक्त लॅबच्या नेटवर्कपुरता उघडा. विंडोजच्या मशीनवर एचटीटीपी पत्ता द्यायचा, कॉम्प्युटरचा आयपी, ६३१ पोर्ट, मग प्रिंटर्स, मग प्रिंटरचं नाव. इंटरनेटकडे ६३१ कधीही उघडा ठेवू नका, आणि कप्स-ब्राउझ्ड (नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधणारी सर्व्हिस) लागत नसेल तर बंदच करा, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्यात मोठी भोकं सापडली होती. अपडेट आलेत, पण नको असलेली सर्व्हिस कशाला चालू ठेवायची.

मुलांना अडवायला शिक्षकांचा एक ग्रुप करा आणि

सुडो एलपीॲडमिन -पी प्रिंटरचं-नाव -यू अलाऊ:@शिक्षक

मग त्या ग्रुपाबाहेरच्यांचा जॉब कप्स दारातच नाकारतं. ग्रुप प्रिंटर जोडलेल्या कॉम्प्युटरवर असायला हवा, मुलांच्या मशीनवर नाही. परत सगळ्यांना मोकळं करायचं तर अलाऊ:ऑल.

सत्तरीकर
पण मुलांनी आपल्या मशीनवर शिक्षकाच्याच नावाचं अकाउंट बनवलं तर?

कुळागर
आठवीतली आहेत की बारावीतली? 😀 बरोबर आहे शंका. पासवर्ड मागायला सांगितलं नसेल तर कप्स समोरच्या मशीनने सांगितलेलं नाव खरं धरतं. कप्सडी.कॉन्फ मध्ये पॉलिसी डीफॉल्टच्या आत प्रिंट-जॉब आणि क्रिएट-जॉबची ओळ असते, तिथे 'ऑथटाइप डीफॉल्ट' आणि 'रिक्वायर व्हॅलिड-युजर' घाला, कप्स रिस्टार्ट करा. मग छापताना प्रिंटरवाल्या कॉम्प्युटरवरचा पासवर्ड मागतो. फाइल बदलायच्या आधी तिची कॉपी ठेवा, आणि आधी एका मशीनवरून तपासा, पासवर्डची खिडकी सगळ्याच प्रोग्राममधून नीट येते असं नाही.

सत्तरीकर
बारावी. पासवर्डवालंच करतो.